कॉलेज अनुदानावर, कारभार पेढीवरून

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वेळी एखाद्या तालुक्यातल्या छोट्या अनुदानित कॉलेजात दीपप्रज्वलनाला गेलात, की प्राचार्यांच्या केबिनबाहेरची पाटी जरा वाचा. पदाच्या आधी 'प्रभारी' असे लिहिलेले असेल, तर ते किती वर्षांपासून लिहिलेले आहे, एवढेच विचारा. उत्तर द्यायला कोण पुढे येतो तेही पाहा. प्राचार्य बोलणार नाहीत, संस्थेचे अध्यक्ष बोलतील.

प्रभारी नेमण्यात गैर काही नाही. प्राचार्य निवृत्त होतात, जाहिरात निघायला आणि मुलाखती व्हायला वेळ लागतो, तोवर सीनियर शिक्षक खुर्ची सांभाळतो. पण या 'तोवर'ची वर्षे होऊ लागतात तेव्हा त्यात कोणाची तरी सोय असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे प्राचार्याची नेमणूक पाच वर्षांसाठी होते आणि बाहेरच्या समितीने कामाचे मूल्यमापन केल्यावर आणखी पाच वर्षे मिळू शकतात. निवड समितीत अध्यक्ष आणि त्यांची माणसे असतात, तसे कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे तज्ज्ञही असतात. त्यामुळे आपल्याच मर्जीतला माणूस आणून बसवणे अवघड, आणि बसलेल्याला मनात आले म्हणून उठवणे त्याहून अवघड. प्रभारीला यातले कसलेच संरक्षण नाही. आज प्राचार्य, उद्या सकाळी पुन्हा खडू-डस्टर घेऊन वर्गावर. अशा माणसाने एखाद्या बिलावर सही करायला नकार द्यावा, अशी अपेक्षा कोण करील?

संस्थाचालकांचे ठरलेले उत्तर असते, 'पात्र उमेदवारच मिळत नाही.' ते अगदीच खोटे नाही. पीएचडी, पंधरा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध आणि वर सहयोगी प्राध्यापक तरी असणे, या सगळ्यात बसणारे लोक छोट्या कॉलेजात मोजकेच. जे बसतात त्यांच्यापैकी बरेच जण 'डोक्याला ताप कशाला' म्हणून अर्जच करत नाहीत. पण ताप कशाचा, हेही विचारायला हवे. विद्यार्थ्यांचा ताप शिक्षकाला जन्मभर असतो, त्याला तो घाबरत नाही.

मी स्वतः अशाच एका कॉलेजात शिकवले, आता निवृत्त आहे. कॉलेजचे नाव सांगत नाही. उत्तर गोव्यातले आहे एवढे पुरे. काही काळ मी शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून स्थानिक व्यवस्थापन समितीवर, म्हणजे आमच्या भाषेत 'एलएमसी'वर होतो. बैठकीचा निरोप आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर यायचा. बैठक कॉलेजात न होता अध्यक्षांच्या पेढीवर व्हायची. मागच्या खोलीत, भिंतीवर महालक्ष्मीचे कॅलेंडर, बाहेर फोनवर मालाचे दर चाललेले. चहा आणि भाजी-पाव येईपर्यंत विषय संपलेले असायचे. एकदा प्रयोगशाळेच्या सामानाची खरेदी विषयपत्रिकेवर होती. मी दरपत्रके मागितली. अध्यक्ष हसून म्हणाले, "सर, सामान तर परवाच येऊन पडले की." इतिवृत्ताच्या वहीत मात्र तीन दरपत्रकांवर सविस्तर चर्चा होऊन निर्णय सर्वानुमते झाला होता. टाइप केलेला कागद वहीत डिंकाने चिकटवला होता आणि डिंक अजून ओला होता. माझ्याशेजारी प्रभारी प्राचार्य बसले होते. त्यांनी सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. भला माणूस होता, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. त्या खुर्चीवर दुसरा कोणी असता तरी तेच झाले असते.

ते अध्यक्षही चोर होते असे मला वाटत नाही. त्यांच्या वडिलांनी कॉलेजला जमीन दिली, इमारतीसाठी दारोदार हिंडून पैसा उभा केला. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ साली इथे पहिली कॉलेजे निघाली, ती दानशूर उद्योजकांच्या बळावर. त्याआधी इथल्या मुलाला बीए व्हायचे तर बेळगाव, धारवाड, कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागे. पुढे तालुक्या-तालुक्यांत संस्था उभ्या राहिल्या त्या गावातल्या माणसांच्या पदरमोडीतून. हे ऋण मोठे आहे. पण पुढच्या पिढीला वाटते की कॉलेज आपल्या घरचेच. मंजूर पदांचे पगार सरकारी तिजोरीतून येतात, हे पुतण्याला समितीवर घेताना कोणाच्या ध्यानीमनी नसते. मग भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, आपल्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांकडे पाहावे तसे संस्थेचे शिक्षकांकडे पाहणे सुरू होते. मुंडकाराला निदान १९७५ साली कायद्याने संरक्षण तरी मिळाले.

लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासागणिक पैसे मिळणाऱ्या, शिक्षकाला तेवढेही नाही. नेट-सेट झालेली मुले-मुली सकाळी एका कॉलेजात तास घेतात, कदंबची बस पकडून दुपारी दुसऱ्या तालुक्यात पोचतात आणि तासांचे बिल मंजूर होण्याची वाट बघतात. यूजीसीने २०१९ साली अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवून दिले. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. पुढच्या जूनला बोलावणे येईल की नाही हे अध्यक्षांच्या मनावर. एलएमसीवरच्या शिक्षक प्रतिनिधीने तोंड उघडले की त्याच्या विभागातल्या लेक्चर बेसिसच्या मुलीचे तास कमी झालेले मी पाहिले आहेत. प्रतिनिधी गप्प का बसतो, याचे उत्तर त्यात आहे.

कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत सहावा निकष चक्क शासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन यांच्यावर होता. नॅकची टीम यायची असली की वर्ष-वर्षभराची इतिवृत्ते आठवड्यात तयार होत. 'विकेंद्रीकरण' नावाची एक जाडजूड फाईल बने. भिंती रंगत, कुंड्या येत. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

उच्च शिक्षण संचालनालयाने ही कॉलेजे चालवावीत असे मी म्हणत नाही. तसे झाले तर अध्यक्षांच्या फोनऐवजी आमदारांचे फोन येतील, एवढाच फरक पडेल. (साहेब, राग मानू नका, पण हे आपल्यालाही ठाऊक आहे.) माझे मागणे छोटे आहे: जे चालले आहे ते लोकांना दिसू द्या.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. देशाचा माहिती हक्क कायदा २००५ साली आला. गोव्याने आपला स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला होता. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थाही २००५ च्या कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात स्पष्ट केले. त्याच कायद्याचे कलम ४ सांगते की समित्या कोणत्या, त्यांवर कोण, पैसा कुठे जातो, ही माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायची आहे. किती अनुदानित कॉलेजांच्या संकेतस्थळावर एलएमसीचे इतिवृत्त सापडते, हे आपल्या स्वीय सचिवांना एका दुपारी शोधायला सांगा. स्नेहसंमेलनाचे फोटो भरपूर सापडतील.

तेव्हा येत्या जूनच्या आत संचालनालयाने एक यादी प्रसिद्ध करावी. प्रत्येक अनुदानित कॉलेजचे नाव, प्राचार्य नियमित की प्रभारी, प्रभारी असतील तर केव्हापासून, आणि पदाची शेवटची जाहिरात कोणत्या तारखेला निघाली. वर्षाहून जास्त काळ प्रभारीवर भागवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना लेखी कारण द्यायला लावावे आणि ते कारण यादीतच छापावे. अल्पसंख्याक संस्थांना आपला प्राचार्य निवडण्याचे वेगळे अधिकार आहेत, ते खुशाल राहोत; यादीत नाव यायला त्यांचीही हरकत असू नये. एलएमसीची बैठक कॉलेजच्या आवारातच व्हावी आणि पंधरा दिवसांत इतिवृत्त संकेतस्थळावर यावे. शिक्षक प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडला जावा, आणि मतमोजणीला संचालनालयाचा माणूस हजर असावा.

अनुदानाचा पुढचा हप्ता देताना या गोष्टी झाल्या की नाही, एवढे फाईलवर पाहिले तरी चालेल. पहिल्या वर्षी आरडाओरडा होईल, शिष्टमंडळे पर्वरीला येतील. त्यांना चहा द्या, आणि त्यांच्या कॉलेजात प्राचार्य केव्हा नेमणार त्याची तारीख लिहून घ्या.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
डिचोली