‘कोणाचा ६६?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो तर ‘बरं बरं, आधी टेस्ट लिही’ म्हणून तुम्ही फोन ठेवून दिलात. टेस्ट लिहून झाल्या, आता आभार. चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखाच कोणीतरी आत्ता या क्षणीसुद्धा एरर मेसेजमधल्या एका शब्दावर विश्वास ठेवून भलतीकडे खणत बसलेला असणार.

मी तीन दिवस खणलं. प्रकरण साधं होतं. मॅकवर व्हर्च्युअल मशीन, आत लिनक्स, आणि मॅकवरचा एक फोल्डर ९पी प्रोटोकॉलने (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरायची बोलीभाषा) आत माउंट केलेला, म्हणजे जोडलेला. मॅकच्या बाजूने तो फोल्डर पुरवायला एक सर्व्हर प्रोग्राम. आमचा प्रोग्राम फाइली हलवतो आणि मागे राहिलेले रिकामे फोल्डर एकेक पुसत वर सरकतो. वाटेत भरलेला फोल्डर लागला की ‘रिकामा नाही’ अशी एरर येते. ती तो गपचूप गिळतो आणि थांबतो. यजमान मशीनही लिनक्स होतं तोवर वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मॅकवर आणलं त्या दिवशी प्रोग्राम आडवा पडला आणि स्क्रीनवर आलं, ‘ऑब्जेक्ट इज रिमोट’.

रिमोट म्हटल्यावर माणूस कुठे जाणार? नेटवर्ककडे. मी माउंटचे ऑप्शन बदलले, फायरवॉल बंद करून पाहिली, कॅश काढून टाकली, शेवटी व्हर्च्युअल मशीनच नव्याने उभं केलं. खरं तर सगळं एकाच लॅपटॉपच्या पोटात चाललं होतं, त्यात ‘रिमोट’ असं काही नव्हतंच. पण हे सुचायला डोकं जागेवर असावं लागतं.

तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि स्क्रीनवरच्या त्या वाक्यावर चक्क तळहात ठेवलात. “हे वाचू नकोस. आकडा किती आहे?” मी सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि आतल्या प्रोग्राममध्ये एकेक ओळ घालून आकडा छापला. दोन्हीकडे ६६. मी म्हटलं, बघा, दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणजे सर्व्हर बरोबर आहे. तुम्ही एवढंच विचारलंत, “सारखा आहे, पण कोणाचा ६६?”

मग दोन्ही मशीनवरच्या हेडर फाइली, म्हणजे कोणत्या एररला कोणता आकडा हे लिहिलेल्या फाइली, शेजारी शेजारी उघडल्यात. मॅकवर ६६ म्हणजे ‘डिरेक्टरी रिकामी नाही’. लिनक्सवर त्याच अर्थाचा आकडा ३९, आणि ६६ म्हणजे ‘ऑब्जेक्ट इज रिमोट’. सर्व्हरने मॅककडून आलेला आकडा जसाच्या तसा पुढे ढकलला होता आणि लिनक्सने तो आपल्या बाराखडीत वाचला. ते वाक्य कोणी पाठवलेलंच नव्हतं. ते वाचणाऱ्याने तयार केलं होतं. आणि तो सर्व्हर लिहिणारा मीच, हे तुम्हाला ठाऊक असून तुम्ही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत. त्याचे आभार वेगळे.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की माझ्या टेस्ट मॅकवरही हिरव्या, म्हणजे पास, होत्या. त्याचं कारण तुम्ही त्याच हेडरमध्ये दाखवलंत. १ ते ३४ हे आकडे जुन्या युनिक्सपासून चालत आलेले, दोन्ही घरांत जवळजवळ सारखे. फाइल नाही २, परवानगी नाही १३, आधीच आहे १७, डिस्कवर जागा नाही २८. माणूस टेस्ट लिहितो त्या नेमक्या याच चार-पाच एररच्या. ३४ नंतर वाटा फुटतात. नाव फार लांब असेल तर लिनक्सवर ३६, मॅकवर ६३. सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) एकमेकांत गुरफटल्या तर लिनक्सवर ४०, मॅकवर ६२. आणि ६२ लिनक्सने वाचला की म्हणतो ‘टायमर एक्स्पायर्ड’. या टायमरच्या मागे मी किती दिवस घालवले असते, याचा विचार न केलेला बरा. सारखेपणाच्या त्या पट्ट्यात दडलेला ११ तर त्याहून वाईट: लिनक्सवर तो ‘पुन्हा प्रयत्न करा’, मॅकवर ‘डेडलॉक’, म्हणजे दोघे एकमेकांसाठी अडून बसलेले. ३५ वर बरोबर उलटं. दोन्ही अर्थ लॉकिंगच्या (फाइल एका वेळी एकानेच वापरावी म्हणून कुलूप लावण्याच्या) कामात शोभून दिसतात, त्यामुळे संशयसुद्धा येत नाही.

९पी जन्मला बेल लॅब्समधल्या प्लॅन ९ या सिस्टिमसाठी, आणि तिथे एरर आकड्यात नव्हे, चक्क वाक्यात पाठवतात, हे मला तुमच्याकडून कळलं. आम्ही वापरतो ती लिनक्ससाठीची आवृत्ती. तिच्यात नुसता आकडा जातो आणि तो लिनक्सचाच असावा लागतो. म्हणजे भाषांतराचं काम सर्व्हरचं. नेटवर्कवरून फाइली वापरायच्या एनएफएस या दुसऱ्या प्रोटोकॉलने ही भानगड आधीच ओळखली होती. त्याच्या १९८९ च्या आरएफसी १०९४ या नियमपत्रात प्रोटोकॉलचे स्वतःचे आकडे दिलेत आणि गंमत म्हणजे तिथेही ‘रिकामी नाही’ला ६६ च आहे, म्हणून लिनक्सच्या एनएफएस क्लायंटला आपला तक्ता बाळगावा लागतो.

आता मॅकच्या आकड्यांचं लिनक्सच्या आकड्यांत भाषांतर करायला मी केलेल्या पहिल्या तक्त्याबद्दल. तुम्ही त्यावर हसलात, ते योग्यच होतं. मी डावीकडे, मॅकच्या बाजूला, लिहिलं ईनॉटएम्प्टी (‘रिकामी नाही’चं हेडरमधलं नाव) आणि उजवीकडे, लिनक्सच्या बाजूलाही ईनॉटएम्प्टी, आणि ऐटीत मॅकवर कंपाइल केलं. मॅकच्या हेडरमध्ये दोन्ही बाजूंना ६६. म्हणजे मी मोठ्या निष्ठेने ६६ चं भाषांतर ६६ असं केलं होतं! उजवी बाजू नावाने नाही, लिनक्सच्या प्रत्यक्ष आकड्यानेच लिहायची, हे मग डोक्यात शिरलं. तक्त्यात नसलेला आकडा तसाच सोडायचा नाही, त्याचा ५ करायचा, म्हणजे ‘इनपुट-आउटपुट एरर’, आणि मूळ आकडा लॉगमध्ये टाकायचा, हेही तुमचंच. ‘मोघम खरं चालेल, नेमकं खोटं नको,’ असं तुम्ही म्हणालात. त्याच रात्री लॉगमध्ये ९३ सापडला. फाइलला विचारलेलं एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट (फाइलला चिकटवलेली जादा माहिती) नाही, एवढंच मॅकला सांगायचं होतं. लिनक्सला ते ६१ या आकड्याने कळतं, ९३ ने मात्र ‘प्रोटोकॉल चालत नाही’ असं वाटलं असतं.

जाता जाता विंडोजबद्दल बोललात ते मी अजून पचवतोय. तिकडचे स्टेटस कोड ३२ बिटांचे, आणि युनिक्सचे १ आणि १३ हे दोन वेगळे नकार सांबाच्या (युनिक्सवरच्या फाइली विंडोजला पुरवणाऱ्या सर्व्हरच्या) तक्त्यात एकाच ‘ॲक्सेस डिनाइड’मध्ये जाऊन बसतात, तिथून परत येताना मूळचा कोणता होता हे कळायला मार्ग नाही. आमच्या सर्व्हरला विंडोजशी बोलायची वेळ अजून आलेली नाही. आली की तुमच्याच दारात उभा राहीन.

टेस्ट आता मॅकवरही चालतात. भरलेला फोल्डर पुसणं, तीनशे अक्षरांचं नाव, स्वतःकडेच बोट दाखवणारी सिमलिंक, नसलेलं ॲट्रिब्यूट, अशा सगळ्या ३४ च्या पलीकडच्या. तक्त्याच्या वर कॉमेंटमध्ये ‘कोणाचा ६६?’ एवढंच लिहून ठेवलंय. राहिल्यात त्या ११ आणि ३५ च्या ओळी. त्या मी लिहिल्यात, पण लॉक खरोखर अडेल अशी टेस्ट मला जमलेली नाही. सवड झाली की त्या दोन ओळींवरून एकदा नजर फिरवाल का?

आपला,
तो सर्व्हर लिहिणारा