वर्तमानपत्राचा कागद भज्यांखाली नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेपरबद्दलची एक विनंती पेपरलाच करायला हे पत्र लिहितेय. रोज पहिल्या पानावर खाली कुठेतरी एक ओळ छापाल का, "या कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नका" एवढीच? जागा जेमतेम लागेल, पण सकाळी वाचलेला पेपर चार दिवसांनी कुठे पोचतो ते बघा म्हणजे कळेल मी का म्हणतेय. आपल्या नाशकातला रविवार कारंजा घ्या, सीबीएस घ्या, कॉलेज रोड घ्या, कढईतून काढलेली भजी, वडे सर्रास पेपरच्या तुकड्यावर हातात येतात आणि घरीसुद्धा पुऱ्या तळल्या की खाली पेपर, मुलांच्या डब्यात पोळीखाली पेपर, कोणाला त्यात काही वावगं वाटतच नाही. छपाईच्या शाईत रंग असतात, सॉल्व्हंट असतं, खनिज तेल असतं, आणि गरम तेलकट पदार्थ लागला की ते सुटून थेट खाण्यात उतरतं. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०१६ मध्येच याबद्दल सावध केलं होतं आणि २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत तर छापील पेपर अन्न बांधायला, ठेवायला वापरायचा नाही असं स्पष्ट आहे. तरी गाड्यांवर चालूच आहे. पळसाच्या पत्रावळी, द्रोण आपल्याकडे मिळतात की, आणि घरी तेल निथळायला स्टीलची चाळणी पुरते.

रद्दी वाईट नाही हो, उलट ती सोनं आहे. कागदाचा धागा साधारण पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतो, दरवेळी तो थोडा आखूड होत जातो. पण त्यासाठी ती कोरडी कागद गिरणीपर्यंत पोचायला पाहिजे, आमटी सांडलेली नाही. आणि जे कागदासारखं दिसतं ते सगळं रद्दीत जात नाही. चहाचे पेपर कप आतून प्लास्टिकने अस्तर केलेले असतात. दुकानातली, एटीएमची ती गुळगुळीत बिलं थर्मल कागदाची असतात, नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उठते, त्यावर बीपीए किंवा बीपीएससारखं रसायन लावलेलं असतं, ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकायची नाहीत आणि लहान मुलांच्या हातात खेळायला तर मुळीच द्यायची नाहीत.

प्लास्टिकचं मला जास्त काळजीचं वाटतं कारण आपण काटकसरी माणसं, बाटली टाकवत नाही, डबा टाकवत नाही. ठेवा जरूर, पण तळाशी त्रिकोणात आकडा असतो तो बघून ठेवा. १ म्हणजे पेट, पाण्याच्या न् कोल्ड्रिंकच्या बाटल्या, त्यात गरम पाणी ओतायचं नाही, उन्हात गाडीत ठेवून वर्षानुवर्षं वापरायची नाही. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, त्याचे डबे त्यातल्या त्यात बरे. ३ (पीव्हीसी) आणि ६ (पॉलिस्टायरीन) मध्ये खाण्याचं काही भरूच नये. लोणच्याला आपली काचेची बरणीच बरी.

आणि ते निळे ड्रम! उन्हाळ्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे टँकरचं पाणी साठवायला लोक भंगारातून ड्रम घेतात, आपल्या सातपूर-अंबडच्या बाजूलाही असे जुने ड्रम विकायला दिसतात. आधी त्यात काय होतं हे कोणी विचारतं का? केमिकलचा ड्रम साबणाने कितीही घासला तरी प्लास्टिकने आत शोषलेलं निघत नाही, वास गेला म्हणजे ड्रम स्वच्छ झाला असं नसतं. द्राक्षाच्या पट्ट्यातही तेच, फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन चांगला मजबूत दिसतो म्हणून पाण्याला, रॉकेलला, कधी चक्क तेलाला वापरला जातो. तो कॅन तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचं आणि लगेच कॅनला भोक पाडायचं म्हणजे परत कोणी वापरणार नाही. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर औषध सगळ्यात जहाल असतं हे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. हे पत्र गावाकडे कोणी वाचत असेल तर हा भाग मोठ्याने वाचून दाखवा प्लीज.

अजून एक, बंब पेटवायला पिशवी किंवा जुनी चप्पल टाकायची सवय. पीव्हीसी जळलं की डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात आणि तो धूर आंघोळीच्या पाण्याजवळ बसलेल्या माणसाच्याच नाकात जातो. नको ना करूत.

घंटागाडीत सुका कचरा वेगळा द्यायचा हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण दुधाची पिशवी धुवून वाळवून द्यायला दोन मिनिटं लागतात तेवढी कोणी काढत नाही. कोपरा कापताना तो इवलासा तुकडा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीला लटकता ठेवायचा, नाहीतर तो तुकडा हमखास गटारीत आणि पुढे नासर्डीतून गोदावरीत. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे किमान ५० पैसे परत द्यायची तरतूद होती. ती दुकानात खरोखर मिळायला लागली तर पिशव्या रस्त्यावर दिसणारच नाहीत, आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर असताना प्रशासनाने हे आत्ताच मनावर घ्यायला हवं.

तर संपादक साहेब, ती एक ओळ तेवढी छापा, मोठ्या टाइपात. भजीवाल्याच्या हातात पेपर जातो तेव्हा त्याला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही ती वाचता आली पाहिजे.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, इंदिरानगर, नाशिक