शार्लटहून, नव्या नियमांसकट

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. खोकला गेला. जेवणाची काळजी नको.

बाबा, "गाड्यांच्या शर्यतीचा नाद लागला काय?" असं फोनवर विचारलंत. नाद नाही, आणि पैसे तर मुळीच लावत नाही; आईला तेवढं सांगा. पण शार्लटमध्ये राहून नॅस्कार, म्हणजे अमेरिकेतली मोटारींच्या शर्यतींची मोठी स्पर्धा, चुकवता येत नाही. बऱ्याच संघांचे कारखाने कॉन्कर्ड-मूर्सव्हिलला, इथून हाकेच्या अंतरावर. त्यात यंदा नियम बदललेत, ऑफिसात दुसरा विषय नाही. तुम्ही बैलगाड्यातले जाणकार, म्हणून नीट सांगतो.

हंगाम ३६ शर्यतींचा. २०१४ पासून असं होतं, की पहिल्या २६ झाल्या की १६ ड्रायव्हर निवडायचे, मग दर तीन शर्यतींनी चौघे बाद. उरलेल्या चौघांत शेवटच्या एका शर्यतीत जो पुढे, तो वर्षाचा विजेता. आपल्या बैलगाड्यांच्या घाटात निदान एका वेळी एकाच गाड्याची बारी सुटते. इथे त्या चौघांबरोबर बाकीच्या तीसेक गाड्याही पळतात. कुणाचंही टायर गेलं की पिवळा झेंडा, सगळ्या गाड्या पुन्हा एकामागे एक, कमावलेली आघाडी पाण्यात. २०२५ ला फिनिक्सच्या शेवटच्या शर्यतीत तेच झालं. चौघांपैकी डेनी हॅमलिन २०८ फेऱ्या सर्वांत पुढे होता. तीन फेऱ्या राहिल्या आणि विल्यम बायरनचं टायर गेलं. हॅमलिनने पिटमध्ये (मधेच थांबून टायर बदलायची जागा) चारही टायर बदलले, चौघांतल्याच काइल लार्सनने दोनच, म्हणून लार्सन आधी सुटला. लार्सन तिसरा आला, हॅमलिन सहावा. चौघांत पुढे म्हणून त्या दिवशी एकही फेरी पुढे नसलेला लार्सन वर्षाचा विजेता!

२०२६ पासून जुनी 'चेस' पद्धत परत आणलीय. १६ जण, १० शर्यती, बाद कुणीच नाही, नुसती गुणांची बेरीज. एखादी शर्यत जिंकून आत शिरायची सोयही बंद. २६ शर्यतींच्या गुणांवर पहिले सोळा. मग गुण नव्याने मांडतात: पहिल्याला २१००, दुसऱ्याला २०७५, तिसऱ्याला २०६५, पुढे पाच-पाच कमी करत सोळाव्याला २०००. शर्यत जिंकण्याचे गुण ४० वरून ५५ केले, दुसऱ्याला मात्र ३५च. शिवाय शर्यतीच्या मधल्या प्रत्येक टप्प्याला पहिल्या दहांना १० पासून १ पर्यंत.

वरच्याची २५ची आघाडी भक्कम वाटते, पण तशी नाही. सुरुवातीलाच इंजिन बसलं तर हाती एखाद-दोन गुण, आणि त्याच दिवशी मागचा जिंकला तर पन्नासच्या वर उलटाफेर. तरी भरून काढायला पुढच्या शर्यती असतात, म्हणून मला हेच रास्त वाटतं. भीती एकच, कुणी ऐंशी गुणांनी पुढे गेला तर होमस्टेडची शेवटची शर्यत नावापुरती.

ती ८ नोव्हेंबरला आहे, नेमकी लक्ष्मीपूजनाला. त्यासाठी दिवाळीला येत नाही असं कृपा करून मनात आणू नका. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळत नाही, तिकडे अडकलो तर नोकरी जाईल. आई रुसली असेल, माहीत आहे.

ऐंशी हजार पाठवलेत. सोसायटीचा हप्ता आधी भरा, उरले त्यातून विहिरीची मोटार. छपराचे पुढच्या महिन्यात नक्की.

मंचरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मुलीशी व्हिडिओवर बोलेन, रविवारी सकाळी तुमच्या वेळेने. फक्त 'मुलगा दिवाळीत बघायला येतोय' असं मामांनी परस्पर कळवलं असेल, तर ते आजच थांबवा.

आपला,
बाळू