बेलफास्टला, मृण्मयीस

सातारा

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, या गावात विज्ञानकथा वाचणारं एकही माणूस मला भेटलं नाही." तेव्हा आवाज तुटत होता, म्हणून हे पत्र. अगं, तू ज्या गावात आहेस त्याच गावात वॉल्ट विलिस राहत होता!

विलिस सरकारी नोकर. 1948 मध्ये त्याने 'स्लँट' नावाचा अंक सुरू केला. विज्ञानकथेच्या वेडापायी काढलेल्या अशा घरगुती अंकांना तिकडे फॅनझीन म्हणतात. साठच्या दशकात आपल्याकडे अनियतकालिकं निघाली, त्यांचाच हा गोतावळा समज. आपली पोरं बरेचदा सायक्लोस्टाइल करायची. विलिस मात्र 'स्लँट' घरी छोट्या हातयंत्रावर खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवून छापायचा. मी तीस वर्षं खिळे जुळवले, त्यामुळे हे वाचून मी थांबलोच. एकेक अक्षर पेटीतल्या त्याच्या घरातून उचलायचं, हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे छोट्या पट्टीत, उलटं लावायचं, फटी भरून ओळ घट्ट बसवायची आणि छापून झालं की तीच अक्षरं पुन्हा आपापल्या घरात टाकायची. पगार घेऊनही संध्याकाळी माझी बोटं आंबून जायची. हा माणूस दिवसभर नोकरी करून ते हौसेने करत होता!

अंकातली चित्रं जेम्स व्हाइट लिनोलियमवर कोरायचा. व्हाइट कॅथलिक, विलिस प्रोटेस्टंट. या दोन शब्दांनी तिथल्या वस्त्या कशा विभागल्या, ते तू मला त्या उंच भिंतींच्या फोटोंत दाखवलंस. त्याच गावात हे दोघं एका यंत्रापाशी शाईचे हात घेऊन उभे राहिले. मला त्या अंकांतल्या कुठल्याही कथेपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. पुढे 1957 पासून व्हाइटने अंतराळातल्या एका प्रचंड रुग्णालयाच्या कथा लिहिल्या. तिथले डॉक्टर नाना ग्रहांवरच्या जिवांवर उपचार करतात. त्या तू नक्की वाच.

बॉब शॉ या मंडळींत आला तेव्हा पोरसवदा होता, तोही पुढे नावाजलेला लेखक झाला. विलिसचं घर अप्पर न्यूटाउनार्ड्स रोडवर. माळ्यावर ही मंडळी पुठ्ठ्याच्या बॅटने बॅडमिंटनसारखा एक धसमुसळा खेळ खेळायची. विलिसची बायको मॅडेलिनही या मेळ्यातलीच.

आणि हे अंक पोस्टाने कुठवर पोचले बघ. फ्लोरिडातल्या शेल्बी विक नावाच्या वाचकाने वर्गणी गोळा केली आणि 1952 मध्ये विलिसला शिकागोच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला नेलं. त्यातून अटलांटिक ओलांडून चाहत्यांना इकडून तिकडे नेणारा कायमचा निधी उभा राहिला, तो आजही चालू आहे. विलिसचं दुसरं फॅनझीन 'हायफन' 1952 पासून निघू लागलं. 1958 मध्ये विलिसला चाहता म्हणून ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

एखाद्या रविवारी त्या रस्त्याने चालून ये. कुणाच्या दारात जाऊ नकोस, नुसती चाल. मग संध्याकाळी मला सगळं सांग, पाऊस होता का तेही.

तुझी निळी वही, चंद्रावरच्या विहिरीची गोष्ट आहे ती, आईने ट्रंकेत जपून ठेवली होती. मामा पुढच्या महिन्यात तिकडे येतोय, त्याच्याकडे देतो. तू ती अर्धीच सोडलीस, मला शेवट हवा आहे. वहीसोबत एक छोटी पुडी असेल. प्रेस बंद झाला तेव्हा आणलेल्या खिळ्यांतून तुझं नाव जुळवून दोऱ्याने बांधलंय. अर्धा ण शोधण्यात अख्खी दुपार गेली. उलटं दिसेल, आरशासमोर धर.

तुझा,
बाबा