स्मरणिका काढा, पण आधी वह्या वाचवा

महोदय,

मुक्तिसंग्राम दिनाच्या पुरवणीतले मराठवाड्यातल्या जुन्या खासगी शाळांवरचे लेख वाचले. 1915 सालची औरंगाबादची सरस्वती भुवन, 1921 सालची हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, 1935 साली स्वामी रामानंद तीर्थ जिथे आले ती मोमिनाबादची, म्हणजे आजच्या अंबाजोगाईची शाळा. लेख चांगलेच आहेत. पण सगळीकडे संस्थापकांचे फोटो आणि त्यांचा त्याग. शाळा रोजची चालली कशावर, हे कुठे सापडले नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, निजामाच्या काळात निघालेल्या खासगी शाळेत 1981 ते 2012 कारकून होतो. शाळा निघाली तेव्हा सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून आणि खासगी शाळा काढायची तर परवानगी हवी. गावकऱ्यांनी मारुतीच्या ओसरीवर वर्ग भरवले. मी रुजू झालो तेव्हा कपाटाच्या तळाशी लाल फडक्यात तीन वह्या होत्या. पहिल्याच पानावर साल 1352! शके धरावे तर बहामनी काळ. एका म्हाताऱ्या मास्तरांनी हसत सांगितले, "अरे, हा निजामाच्या कारभारातला फसली सन. इसवीसाठी 590 मिळव."

देणगीच्या वहीत रकमेपुढे कुठे 'हाली', कुठे 'कलदार'. हाली रुपया निजामाचा, कलदार इंग्रजांचा. शंभर कलदारांना एकशेसोळाच्या वर हाली पडत. सोलापूरशी व्यवहार असलेले कापडवाले कलदार देत, बाकीचे हाली. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते त्यांच्या नावापुढे 'ज्वारी 2 पायल्या, खळ्यावरून आणावी'. मास्तरांचा पगारही बऱ्याच महिन्यांत ज्वारीच. 1357 ची बहुतेक पाने कोरी आहेत. ते रझाकारांचे वर्ष. पुढच्या पानावर शाई वेगळी, अक्षर वेगळे आणि साल इसवी.

मग अनुदान आले, वर्ग वाढले, दहावी आली. ते सगळे अहवालांत छापलेले आहेच. पण 1972 च्या दुष्काळातल्या हजेरीपटावर एका मुलापुढे 'खडी फोडण्यास गेला' असा शेरा आहे, तो कुठल्या अहवालात येणार? 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात इमारतीला तडे गेले आणि दप्तर पत्र्याच्या शेडमध्ये गेले. पावसाने अर्धे तिथेच खाल्ले. पुढे 2012 च्या कायद्यानुसार त्याच आवारात स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा उभी राहिली. तिच्या उद्घाटनाआधी शेड पाडताना उरलेले कागद रद्दीत गेले, किलोवर. मला चार दिवसांनी कळले. रद्दीवाल्याकडे गेलो तर माल लातूरला रवाना झालेला.

संचालकांना नुसता दोष देऊन उपयोग नाही. त्यांना उर्दू येत नाही, मोडी येत नाही आणि देणगीची वही जपून ठेवा असे त्यांना कुणी सांगितलेले नाही. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशनोंदींची वही, कायम ठेवायचे असते, एवढेच आम्हा कारकुनांना शिकवलेले. 2023 साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरे धुंडाळली जाऊ लागली, तेव्हा मात्र गावातली माणसे आजोबांची प्रवेशनोंद मागत शाळेत येऊ लागली. नव्या कारकुनाने हात वर केले.

आता शाळेचा वर्धापन सोहळा आहे. स्मरणिकेत 'शाळेची वाटचाल' लिहा, म्हणून मला निरोप आला. लिहीन. पण माझी सूचना सगळ्याच जुन्या शाळांना आहे: आर्ट पेपर आणि मान्यवरांच्या शुभेच्छा यांवर जाणाऱ्या पैशांतून आधी उरलेल्या वह्यांची पाने स्कॅन करून घ्या. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे अजून आहेत, पण बहुतेक वयस्कर. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मूळ वह्या ठेवून घेण्याबाबत तिथे विचारता येईल.

तीनपैकी एक वही मी निवृत्तीआधी वाचायला घरी नेली होती, ती परत करायची राहिली. नियमाने हा गुन्हाच, पण तेवढीच बचावली. ती 'खळ्यावरून आणावी'ची. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या हाती देतो आहे, सही-शिक्क्याची पोच घेऊन.

– एक निवृत्त कारकून, जि. लातूर