तीन राम कशाला?

महोदय,

परवा नातवाला घेऊन जुन्या चित्रांचं एक प्रदर्शन पाहायला गेले होते. एका पानावर राम तीन ठिकाणी दिसत होता. माहिती सांगणारा तरुण मुलांना बिनधास्त म्हणाला, "चित्रकार गोंधळला असावा." तीस वर्षं चित्रकला शिकवली, मला राहवेना.

हा गोंधळ नव्हे, ही युक्ती आहे. मेवाडच्या राणा जगतसिंहांसाठी १६४९ ते १६५३ दरम्यान जी रामायणाची पोथी चितारली गेली, तिच्यात साहिबदीन नावाचा चित्रकार एकाच चौकटीत तेच पात्र पुन्हा पुन्हा काढतो. मधे रेघ नाही. एखादी भिंत, झाड किंवा पार्श्वभूमीचा बदललेला रंग, एवढ्यावर वेळ पुढे सरकते. आपण बोट फिरवत गेलो की महालातला राम वनात पोचतो! संस्कृत श्लोक पानाच्या मागे. चित्राला गोष्ट स्वतःच सांगावी लागते. (आणि हा साहिबदीन मुसलमान होता, हेही मुलांना सांगायला हरकत नव्हती.)

याच पोथीतली बालकांडाची पानं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. चित्राशेजारी 'डोळा कुठून कुठे न्यावा' एवढी एक ओळ लावली तरी पुरे. नातवाने घरी येऊन स्वतःला चार वेळा काढलंय: अंथरुणात, दात घासताना, बसमध्ये आणि वर्गाबाहेर उभा.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका