लॅबमधल्या मावशींचाही गळा मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी भाची परळच्या बाजूला एका रिसर्च लॅबमध्ये नुकतीच लागली, आयोडीन-१२५ या किरणोत्सर्गी आयोडीनवर काम आहे. परवा घरी आली तर कौतुकाने सांगत होती, मामा आमच्याकडे शिशाचे जाड ब्लॉक आहेत, बॅज आहे (अंगावर पडलेल्या किरणांचा डोस नोंदवणारा), जीएम काउंटर आहे (किरणं मोजायचं यंत्र), काही टेन्शन नाही. मी अशाच एका लॅबमध्ये सत्तावीस वर्षं टेक्निशियन होतो, म्हणून राहवत नाही.

शिसं हवंच, पण या आयोडीनचे गॅमा किरण इतके कमी ऊर्जेचे (३५ केईव्ही) की शिशाचा मिलिमीटरभर पत्राही पुरतो. आणि त्यामुळेच साध्या जीएम काउंटरला ते धड दिसतही नाहीत, काउंटर गप्प आहे म्हणजे टेबल साफ असं समजून पोरं फसतात, त्याला पातळ सोडियम आयोडाइड क्रिस्टलचा प्रोब लागतो. खरी भानगड वेगळीच आहे, आयोडीन उडतं. द्रावणात ॲसिड पडलं किंवा नुसतं फ्रीझरमध्ये गोठवलं तरी वाफ सुटते, नाकातून आत जाते, हातमोज्यातूनही झिरपते (म्हणून दोन जोड, आणि वरचा सारखा बदलायचा) आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसते. छातीवरचा बॅज हे आत गेलेलं सांगत नाही. त्यासाठी एक-दोन दिवसांनी गळ्याला प्रोब लावून काउंट घ्यावा लागतो.

आता आमच्याकडे घडलेलं, संस्थेचं नाव घेत नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी विद्यार्थ्याच्या हातून व्हायल सांडली, त्याने वर टिश्यू टाकले आणि आरएसओला (रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याला) फोन लावायला बाहेर पळाला, तेवढ्यात सफाईच्या मावशी आल्या आणि बिचारीने घरी मोरीत टाकतो तसं ब्लीच ओतून पोछा मारला. ब्लीच पडलं की आयोडाइडचं आयोडीन होतं आणि ते हवेत जातं. तिथे थायोसल्फेटचं पाणी हवं होतं, त्याने आयोडीन उडत नाही. बाटली शेल्फवरच होती, लेबल इंग्रजीत.

सोमवारी आमचे सगळ्यांचे गळे मोजले, अगदी दोन खोल्या पलीकडच्या क्लार्कचासुद्धा. मावशींचा नाही. का, तर त्या कॉन्ट्रॅक्टवर, रेडिएशन वर्करच्या यादीत नाव नाही! अहो, यादीत नाही म्हणजे त्या सामान्य जनता झाल्या, मग त्यांची किरणांच्या डोसची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, आमची सरासरी २०. म्हणजे पहिला गळा त्यांचा मोजायला हवा होता. मी साहेबांना म्हटलं तर "कॉन्ट्रॅक्टरला कळवतो" म्हणाले, आणि मीही पुढे रेटलं नाही, हे कबूल करतो.

अणुऊर्जा नियामक मंडळ इथेच अणुशक्तीनगरला आहे, नियम काही कमी नाहीत. माझं म्हणणं एवढंच की अशा प्रत्येक लॅबच्या दारावर मराठी-हिंदीत लिहा, काही सांडलेलं दिसलं तर हात लावू नका, ब्लीच-ॲसिड टाकू नका, अमुक नंबरला फोन करा. आणि काही सांडलं की त्या खोलीत आलेल्या प्रत्येकाचा गळा मोजा, पगार कोण देतं ते नंतर बघा. या आयोडीनच्या कचऱ्याचे डबेसुद्धा आहेत, त्यातला किरणोत्सर्ग दर साधारण ६० दिवसांनी निम्मा होतो, तसा दहा वेळा निम्मा होईपर्यंत, म्हणजे वीसेक महिने ते कोपऱ्यात पडून असतात, त्यांच्या आजूबाजूची फरशी कोण पुसतं?

भाचीला हेच विचारलं, तुमच्याकडे सफाईला कोण येतं, त्यांना काय सांगितलंय? म्हणाली, विचारून सांगते मामा.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, चेंबूर